विश्लेषण : परग्रहाची लिपी पोरं वाचतात, रिद्धपूरची सकळ लिपी कोण वाचणार?

विज्ञान मालिकांतील परग्रहवासीयांच्या लिपी जगभरचे प्रेक्षक हौसेने उलगडतात. अशाच बनवलेल्या लिपींचा मोठा साठा अमरावती जिल्ह्यात सहा शतकांहून अधिक काळ आहे. त्या का तयार झाल्या, कशा चालतात आणि आज त्यांचे काय करायचे?

अकोल्यातील किंवा अमरावतीतील एखाद्या घरात रात्रीची जेवणे आटोपलेली असतात. बारावीतला मुलगा मोबाइल आडवा धरून परदेशी विज्ञान मालिका पाहत असतो. पडद्यावर परग्रहावरचे शहर येते. मागच्या भिंतीवर वेड्यावाकड्या खुणांची एक पाटी असते. मुलगा चित्र थांबवतो, स्क्रीनशॉट घेतो, इंटरनेटवरून त्या खुणांचा तक्ता शोधतो आणि पाच मिनिटांत पाटी वाचून मोकळा होतो. पाटीवर असते एका काल्पनिक शीतपेयाची जाहिरात. मुलाला त्याचा आनंद होतो आणि तो योग्यच आहे. कुलूप उघडल्याचा आनंद आत काय सापडले यावर अवलंबून नसतो.

याच मुलाच्या घरापासून काही तासांच्या अंतरावर, मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर येथे, तसल्याच बनवलेल्या लिपींचे माहेर आहे. महानुभाव पंथाच्या सकळ, सुंदरी, वज्र, अंक, सुभद्रा अशा नावांच्या सांकेतिक लिपी शेकडो पोथ्यांतून वापरल्या गेल्या. मात्र वऱ्हाडातल्या शाळकरी मुलाला क्लिंगॉन हे नाव ऐकून माहीत असते आणि सकळ हे नाव माहीत नसते. यात दोष मुलाचा नाही. त्याच्या हाती तक्ता कोणी दिलेला नाही.

मालिकांतील परग्रहवासी नेमके काय लिहितात?

थोडक्यात उत्तर द्यायचे तर इंग्रजी. पडद्यावरच्या बहुतेक परकीय लिपी दोन प्रकारांत मोडतात. काही निव्वळ नक्षी असतात आणि उरलेल्या इंग्रजी अक्षरांनी घातलेले मुखवटे असतात.

नक्षीचे प्रसिद्ध उदाहरण 'स्टार ट्रेक'चे. ऐंशीच्या दशकात ही मालिका दूरदर्शनवर दाखवली जात असे, त्यामुळे आज पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांना ती आठवत असेल. यातील क्लिंगॉन या लढवय्या जमातीची टोकदार अक्षरे १९७९ च्या चित्रपटात यानांवर दिसली. तेव्हा त्यांना ना उच्चार होता, ना अर्थ. क्लिंगॉन भाषा खऱ्या अर्थाने घडवली ती मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञाने, १९८४ च्या चित्रपटासाठी. पुढच्याच वर्षी तिचा शब्दकोशही आला. पण ओक्रँडने भाषा रोमन अक्षरांत मांडली. कोणत्या टोकदार खुणेचा कोणता उच्चार, ही जोडणी पुढे चाहत्यांच्या वर्तुळातून आली. मालिकेतील पाट्यांवर मात्र ती अक्षरे बऱ्याचदा दिसायला बरी म्हणून कशीही मांडलेली असत. 'डॉक्टर हू'मधील वर्तुळाकार लिपीचेही तेच. पडद्यावर ती सजावट होती आणि वाचता येण्याजोगी पद्धत एका चाहत्याने बसवली. म्हणजे मालिकेने कुलूप रंगवले आणि प्रेक्षकांनी त्याला किल्ली घडवली.

मुखवट्याचे उत्तम उदाहरण १९९९ मध्ये सुरू झालेली 'फ्युचुरामा' ही व्यंगमालिका. तिच्या पार्श्वभूमीत परग्रही खुणांच्या पाट्या असत आणि प्रत्येक खूण एका इंग्रजी अक्षराच्या जागी असे. प्रेक्षकांनी ती बघता बघता फोडली. मग मालिकेच्या लेखकांनी दुसरी, अवघड लिपी आणली. मालिकेचे एक निर्माते डेव्हिड कोहेन हे भौतिकशास्त्र आणि संगणकशास्त्र शिकलेले, त्यामुळे त्यांनी त्यात गणित घातले. प्रत्येक खुणेला एक आकडा. पहिली खूण सरळ वाचायची. त्यापुढे प्रत्येक खुणेच्या आकड्यातून आधीच्या खुणेचा आकडा वजा करायचा आणि उत्तर उणे आले तर २६ मिळवायचे. त्यामुळे एकच खूण एका ठिकाणी एक अक्षर, तर दुसऱ्या ठिकाणी भलतेच अक्षर दाखवते. प्रेक्षकांनी तीही सोडवली.

'स्टार वॉर्स'च्या विश्वातली ऑरबेश लिपीही अशीच इंग्रजीला समांतर. १९७७ च्या मूळ चित्रपटात एका यंत्रावर चक्क इंग्रजी शब्द लिहिलेले होते. २००४ च्या डीव्हीडी आवृत्तीत ते पुसून तेथे ऑरबेश अक्षरे बसवण्यात आली. दूरच्या आकाशगंगेत इंग्रजी कशी, हा प्रश्न निर्मात्यांना २७ वर्षांनी अडचणीचा वाटला असावा. २०१९ पासूनच्या 'द मँडलोरियन' मालिकेत ही अक्षरे ठिकठिकाणी दिसतात.

खरोखर वेगळ्या विचाराची लिपी क्वचितच घडते. 'अरायव्हल' या २०१६ च्या चित्रपटातील शाईची वर्तुळे हे तसे उदाहरण. तेथे एक वर्तुळ म्हणजे अख्खे विधान, ज्याला ना सुरुवात ना शेवट. पण अशी लिपी घडवायला मेहनत फार लागते आणि पाटी पडद्यावर दोन सेकंदच दिसणार असेल तर तेवढी मेहनत करतो कोण?

सकळ लिपी कोठून आली?

तेराव्या शतकात, यादवांच्या काळात, चक्रधरस्वामींनी महानुभाव पंथाची स्थापना केली. त्यांचे गुरू गोविंदप्रभू ऊर्फ गुंडम राऊळ रिद्धपूरचे. चक्रधरांनंतर त्यांचे शिष्य नागदेवाचार्य आणि इतर मंडळी रिद्धपुरातच गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात राहिली. येथेच म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी माणसामाणसाला विचारून गोळा केल्या आणि 'लीळाचरित्र' सिद्ध केले. त्याचा काळ साधारण १२७८ चा मानला जातो. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ. महदंबेचे धवळेही याच गावातले.

या मंडळींनी संस्कृत बाजूला ठेवून मराठी धरली, हे सर्वज्ञात आहे. केशिराज हा पंडित शिष्य संस्कृतात ग्रंथ लिहू लागला, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्याला थांबवले. कारण सांगितले ते असे की, त्यामुळे पंथातल्या म्हाताऱ्या बाया वंचित होतील. सातशे वर्षांपूर्वी धर्मग्रंथाची भाषा ठरवताना म्हाताऱ्या बायांची सोय पाहिली गेली, ही वऱ्हाडाच्या इतिहासातली फार मोठी गोष्ट आहे.

आणि पुढची गोष्ट तेवढीच विचित्र आहे. चौदाव्या शतकात याच पंथाने तीच मराठी कुलपात घातली. सकळ लिपीचे जनकत्व रवळोबासांकडे दिले जाते. त्यांच्यामागून पंथाच्या वेगवेगळ्या आम्नायांनी, म्हणजे शाखांनी, आपापल्या लिपी वापरात आणल्या. म्हातारीला कळावे म्हणून निवडलेली भाषा शेजाऱ्याला कळू नये अशा अक्षरांत लिहिली जाऊ लागली.

असे का झाले, यावर अभ्यासकांत एकमत नाही. ज्याने उपदेश घेतला नाही त्याच्या हाती ब्रह्मविद्या पडू नये, हे एक कारण. पंथाने वैदिक कर्मकांड आणि जातिभेद नाकारले होते, त्यामुळे विरोधक भरपूर. त्यांच्यापासून ग्रंथ वाचवणे हे दुसरे. परचक्राच्या धामधुमीत मूळ ग्रंथ गमावले गेले आणि शिष्यांनी आठवणीतून ते पुन्हा उभे केले, अशी पंथाची परंपरा सांगते. एकदा पोथी हरवलेल्या माणसाने दुसऱ्या वेळी तिला दोन कुलपे लावावीत, यात नवल नाही. बहुधा ही सारी कारणे कमीअधिक प्रमाणात खरी असावीत. मात्र केवळ भीतीपोटी कोणी शेकडो वर्षे सांकेतिक लिपी जपत नाही. पुढे पुढे ती ओळख बनली. ज्याला ही अक्षरे येतात तो आपला.

हा पंथ पुढे पंजाबात आणि तेथून पार काबूलपर्यंत पोहोचला. तेथील अनुयायांची बोली पंजाबी, पण धर्मग्रंथ मराठी. मोर्शी तालुक्यात घडलेली मराठी खैबरखिंडीपलीकडे वाचली जात होती, हे मराठी अभिजात ठरल्याच्या भाषणांत फारसे कोणी सांगत नाही.

ही लिपी चालते कशी?

सकळ लिपी म्हणजे मुख्यतः अक्षरपालट. देवनागरीतील एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर किंवा ठरलेली खूण. भाषा मराठीच, व्याकरण तेच, फक्त मुखवटा वेगळा. म्हणजे तत्त्व 'फ्युचुरामा'च्या पहिल्या लिपीचेच, फक्त साडेसहाशे वर्षे आधीचे.

समजण्यापुरते एक खेळण्यातले उदाहरण घेता येईल. (हा सकळ लिपीचा तक्ता नव्हे, केवळ नमुना.) समजा, नियम असा केला की प्रत्येक व्यंजन पुढच्या वर्गात त्याच क्रमांकावर सरकवायचे. क च्या जागी च, च च्या जागी ट, ट च्या जागी त, त च्या जागी प आणि प फिरून क. बाकी काना, मात्रा, वेलांटी जशीच्या तशी. आता अकोल्याचे होते 'अचोला' आणि अकोटचे 'अचोत'. कापसाचे, म्हणजे 'कापूस' या शब्दाचे होते 'चाकूस'. बाळापूरचे 'गाळाकूर'. हे वाचून कोणालाही कळेल की काहीतरी लपवलेले आहे. पण पातूर लिहून पाहिले तर येते 'कापूर'. इथे गंमत होते. वाचणाऱ्याला संशयही येत नाही. पातूरचा निरोप कापराच्या नावाने निघून जातो.

ओळखीच्याच अक्षरांची अदलाबदल करण्याचा हा फायदा. पूर्ण नव्या खुणा पाहिल्या की 'येथे गुपित आहे' अशी दवंडीच पिटली जाते. त्यामुळे मालिकेत खुणा जितक्या अनोख्या तितक्या चांगल्या, कारण तेथे प्रेक्षकाचे लक्ष वेधायचे असते. रिद्धपूरला लक्ष चुकवायचे होते.

तसे पाहता ही कुलपे फार मजबूत नाहीत. नवव्या शतकातच बगदादच्या अल-किंदीने असल्या लिपी फोडण्याची रीत लिहून ठेवली होती. मजकुरात कोणती खूण किती वेळा येते ते मोजायचे. भाषेत काही अक्षरे वारंवार येतात, काही क्वचित. मराठीत काना पावलोपावली. झ, ठ, ढ मोजकेच. शिवाय मराठी पद्य फोडणाऱ्याला एक मदत घरातूनच मिळते. ओवीच्या चरणांना यमक असते. तीन चरणांच्या शेवटी त्याच खुणा दिसल्या की अर्धे काम झाले. पोथीच्या शेवटी शक, तिथी, वार, लेखकाचे नाव असा ठरीव मजकूर असतो. तोही धागा देतो. गुपित लिहिणाऱ्याची सवयच गुपित फोडते.

तरीही ही लिपी शतकानुशतके बाहेरच्यांना उघडली नाही. कुलूप भक्कम होते म्हणून नव्हे, तर उघडून पाहण्याची कोणाला गरजच वाटली नाही म्हणून. पंथाविषयी पूर्वग्रह इतका होता की पोथ्यांत काय असेल याची उत्सुकता दुर्मीळ होती.

मग उकल कोणी केली?

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीच्या उकलीचे काम केले. वि. ल. भावे यांच्या 'महाराष्ट्र सारस्वत'च्या नंतरच्या आवृत्तीतून महानुभाव साहित्य सर्वसामान्य वाचकासमोर आले. यवतमाळचे य. खु. देशपांडे, 'लीळाचरित्रा'चे आरंभीचे संपादक ह. ना. नेने आणि आजच्या बुलढाणा जिल्ह्यात जन्मलेले डॉ. वि. भि. कोलते यांनी पोथ्यांमागून पोथ्या उजेडात आणल्या. कोलते यांनी संपादित केलेले 'लीळाचरित्र' महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ मध्ये प्रसिद्ध केले. लंडनमध्ये मराठीचे अध्यापन करणारे इयान रेसाइड यांनी १९७० मध्ये सकळ लिपीवर स्वतंत्र शोधनिबंध लिहिला.

या उकलीने काय बदलले? मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचे पहिले प्रकरणच नव्याने लिहावे लागले. तोवर जुनी मराठी म्हणजे पद्य, असाच समज होता. आता 'ज्ञानेश्वरी'च्याही बारा वर्षे आधीचे, घडीव आणि बोलके गद्य समोर आले. लिपी बंद राहिल्याची ही किंमत होती. मराठीचे आद्य गद्य मराठी माणसाला कित्येक शतके माहीतच नव्हते.

मात्र कुलपाने राखलेही बरेच. हाताने नकला करणारे लोक जुने शब्द नकळत आपल्या काळाचे करून टाकतात. येथे लिपी बंदिस्त, नकला करणारे पंथातलेच आणि प्रत्येक शब्दाबद्दल पूज्यभाव, त्यामुळे जुनी रूपे बऱ्याच अंशी टिकली, असे अभ्यासक मानतात. एकाच निर्णयाने ग्रंथ वाचलाही आणि वाचकांपासून तुटलाही.

क्लिंगॉनला जे मिळाले ते सकळला का नाही?

कोणतीही लिपी मोबाइलवर टंकता यायची तर तिला युनिकोड या जागतिक तक्त्यात जागा लागते. १९९७ मध्ये क्लिंगॉन लिपीसाठी तसा प्रस्ताव गेला. २००१ मध्ये तो फेटाळला गेला, कारण क्लिंगॉन लिहिणारे लोक प्रत्यक्षात रोमन अक्षरेच वापरतात. पण चाहते थांबले नाहीत. तक्त्यातील खासगी वापराच्या मोकळ्या जागेत त्यांनी आपली अक्षरे बसवली, फाँट बनवले, 'हॅम्लेट'चे क्लिंगॉन भाषांतर छापले. २०१८ पासून ड्युओलिंगोवर क्लिंगॉनचा अभ्यासक्रम आहे. भारतातही 'बाहुबली'साठी मदन कार्की यांनी घडवलेल्या किलिकी भाषेला २०२० मध्ये स्वतंत्र लिपी आणि संकेतस्थळ मिळाले, तेही मातृभाषा दिनाच्या मुहूर्तावर.

मोडीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले. मोडीचे वर्ग चालतात, फाँट आहेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा राज्यभरात मोडी वाचकांची एकदम शोधाशोध झाली. कालपर्यंत अडगळीतली विद्या रातोरात कामाची ठरली. (मोडी यादवांचा प्रधान हेमाद्रीने आणली, अशी समजूत आहे, तिला पक्का आधार नाही. पण महानुभाव परंपरेत हाच हेमाद्री चक्रधरांचा विरोधक म्हणून येतो. एकाच दरबाराच्या सावलीत दोन लिपींच्या कथा सुरू व्हाव्यात, हा योग मात्र खासा.)

सकळ लिपीला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा नाही. बहुतांश अक्षरे देवनागरीचीच अदलाबदल असल्याने ती मिळावीच असेही नाही. फाँट हे काम भागवू शकतो, कारण मजकूर देवनागरीत टंकायचा आणि दिसताना सकळ दिसवायचा, एवढेच तर करायचे. अडचण तंत्रज्ञानाची नाहीच. अडचण अशी की क्लिंगॉनमागे हौशी लोकांची फौज आहे आणि सकळ लिपीमागे मोजके महंत आणि थोडे प्राध्यापक.

लिपी आकारांवर जगत नाही, वाचणाऱ्यांवर जगते. क्लिंगॉनमध्ये वाचण्यासारखे असे काय आहे? खरे तर फार थोडे. तरी ती शिकली जाते, कारण तक्ता उघडा आहे, शिकणे म्हणजे खेळ आहे आणि शिकणाऱ्याला सोबत मिळते. सकळ लिपीत एका भाषेचा आरंभ लिहिलेला आहे, पण तिचा तक्ता संशोधनग्रंथाच्या परिशिष्टात.

गुपित उघडे करणे पंथाला रुचेल का?

हा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही. महानुभावांसाठी या पोथ्या म्हणजे पुरातन वस्तू नाहीत. त्यांना नमस्कार केला जातो, त्यांचे पारायण होते. मठातील बासनात बांधलेली पोथी कोणी कॅमेरा घेऊन मागायला आला म्हणून सोडून द्यावी, अशी अपेक्षा धरणे उद्धटपणाचे ठरेल. कोणती पोथी दाखवायची, कोणती नाही, याचा निर्णय ज्यांनी ती सहाशे वर्षे सांभाळली त्यांचाच असला पाहिजे.

पण पोथी आणि लिपी यांत फरक आहे. पोथी मठाची आहे. लिपीचा तक्ता मात्र छापून येऊन कित्येक दशके झाली आहेत. ते गुपित आता गुपित राहिलेले नाही. जे उघड आहे ते शिकवण्यात कोणाचा अवमान होत नाही. शिवाय खुद्द पंथातील अनेक विद्वानांनी या ग्रंथांच्या संपादनात मोठा वाटा उचलला आहे. अभ्यासकांना दारे बंद करणारा पंथ, हे चित्र आज खरे नाही.

वऱ्हाडात संकेतांची परंपरा केवळ मठांपुरतीही नव्हती. महाराष्ट्रातील गोंधळी समाजात करपल्लवी चालत आली. बोटांच्या खुणांनी एकाने सांगायचे, दुसऱ्याने समोरच्या माणसाचे नाव ओळखून दाखवायचे. लोकांसमोर गुपित खेळून दाखवण्याची ही कला. सकळ लिपी शाळेत नेताना उदाहरण घ्यायचे तर मालिकेपेक्षा गोंधळ्याचे घ्यावे. तो गुपिताचा अपमान करत नाही आणि पाहणाऱ्यांना घरीही पाठवत नाही.

काय करता येईल?

रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ आहे. महानुभाव साहित्याचे अभ्यासक डॉ. अविनाश आवलगावकर हे त्याचे पहिले कुलगुरू. विद्यापीठाची जागा रिद्धपूर ठरली ती याच वारशामुळे. तेव्हा पहिली अपेक्षा साधी आहे. सकळ आणि सुंदरी या दोन लिपींचे तक्ते, उच्चार आणि दोन-चार पानांचे सराव-पाठ मोबाइलवर उघडतील अशा स्वरूपात, फुकट आणि ठळक जागी असावेत. एक फाँट असावा. जिल्ह्यातील शाळांत मराठी भाषा गौरव दिनाला दरवर्षी तेच निबंध, तीच भाषणे होतात. त्याऐवजी एका वर्षी सकळ लिपीतील कोडे फळ्यावर लिहून पाहावे.

हस्तलिखितांचे काम मोठे आहे आणि त्याला सरकारी आधारही आहे. राष्ट्रीय हस्तलिखित मिशन २००३ मध्ये सुरू झाले. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ज्ञान भारतम् मिशनची घोषणा झाली आणि एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण व जतन हे त्याचे उद्दिष्ट ठरले. पण फोटो काढून ठेवणे म्हणजे वाचणे नव्हे. सांकेतिक लिपीतील पोथीचा नुसता फोटो म्हणजे कुलपाचा फोटो.

यंत्राने हे वाचता येईल का, असे हल्ली लगेच विचारले जाते. अक्षरपालट सोडवणे संगणकाला चुटकीसरशी जमते. अवघड आहे ते आधीचे पाऊल. जुन्या शाईतले, वेगवेगळ्या हातांचे, शब्दांत अंतर न सोडता सलग लिहिलेले अक्षर ओळखणे. त्यासाठी यंत्राला हजारो नमुने दाखवावे लागतात आणि प्रत्येक नमुन्याखाली खरे वाचन माणसाने लिहून द्यावे लागते. म्हणजे यंत्रासाठीसुद्धा आधी वाचणारी माणसे हवीत. जी आहेत त्यांतली बरीच वयस्कर आहेत. त्यांच्याजवळ बसून, पान दाखवत, वाचन ध्वनिमुद्रित करून घेणे हे फाँटच्याही आधीचे काम. त्याला ना मोठा निधी लागतो, ना इमारत. अमरावतीतल्या आणि अकोल्यातल्या महाविद्यालयांतील मराठीचे विद्यार्थी एका उन्हाळ्याच्या सुटीत ते सुरू करू शकतात.

कुलूप उघडल्यावर आत काय सापडते?

'फ्युचुरामा'ची पाटी वाचली की विनोद सापडतो. रिद्धपूरची पोथी वाचली की गाव सापडते. त्यात विहिरी आहेत, बाजार आहे, देवळांच्या पायऱ्या आहेत. रुसणारे शिष्य आहेत, प्रश्न विचारून भंडावणाऱ्या बाया आहेत. गोविंदप्रभू पोरासारखे खेळतात, मनाला येईल त्या घरात शिरतात, हवे ते खायला मागतात. गावातले लोक त्यांना वेडे म्हणतात आणि अडचण आली की 'राऊळच माय, राऊळच बाप' म्हणत त्यांच्याकडेच धावतात.

पुण्या-मुंबईच्या वाचकाला या मजकुरासाठी शब्दकोश लागतो. वऱ्हाडातल्या वाचकाला थोडा कमी लागतो. या ग्रंथांच्या भाषेचे वऱ्हाडीशी असलेले नाते अभ्यासकांनी वारंवार दाखवले आहे. शाळेत 'शुद्ध बोल' म्हणून दटावलेल्या पोराने सकळ लिपीतले एखादे पान तक्ता घेऊन अक्षर-अक्षर उलगडावे, तर सातशे वर्षांपूर्वीची माणसे एकमेकांना उत्तर देताना 'जी' म्हणताना सापडतात. तो 'जी' त्याने आदल्याच दिवशी आजीच्या तोंडून ऐकलेला असतो.